माझा फोन कुणाकुणाला शोधतो?

मांजराच्या पट्ट्याला लावलेला टॅग स्वतः काहीच शोधत नाही. २०२१ मध्ये आलेला एअरटॅग घ्या. त्यात जीपीएस नाही. तो ब्लूटूथवरून ‘मी इथे आहे’ असं पुटपुटत राहतो. शेजारून जाणाऱ्या कुणाच्या तरी आयफोनला ते ऐकू येतं, तो फोन स्वतःचं लोकेशन एन्क्रिप्ट करून पाठवून देतो आणि ते उघडायची किल्ली फक्त टॅगच्या मालकाकडे असते. फोन ज्याच्या खिशात आहे, त्याला यातलं काही कळत नाही.

इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन फार आवडतं. पण आपण मदत करतोय हेच मदत करणाऱ्याला माहीत नसेल, तर ती मदत कसली? मांजर मिळाल्याशी मतलब, असं म्हणता येईल. आभार मानायला कुणाचा पत्ता नाही, इतकंच. तेही चालेल.

गेल्या पावसाळ्यात आमची मनी दोन दिवस गायब होती. टॅगचा शेवटचा ठिपका मागच्या गल्लीच्या तोंडाशी. (ठिपका म्हणजे मांजराची जागा नव्हे, जवळून गेलेल्या फोनची.) पुढे विचारत विचारत गेलो. ती इस्त्रीवाल्या काकांकडे, कपड्यांच्या गाठोड्यांमागे होती. पण सांगण्याआधी त्यांनी मला नीट न्याहाळलं. “तुमचीच कशावरून? हाक मारा बघू.” मारली. मनीने डोळे किलकिले करून पाहिलं आणि परत झोपली. काकांना तेवढा पुरावा पुरला.

मला तो ‘कशावरून’ महत्त्वाचा वाटतो. जाणूनबुजून मदत करणारा माणूस नाहीही म्हणू शकतो. रात्री कुणी रिक्षावाल्याला विचारलं, “मघाशी सोडलीत ती मुलगी कुठे उतरली?” तर तो खोटं बोलू शकतो, आणि त्याने बोलावंच. खिशातल्या फोनला ही सोय नाही. मनीच्या पट्ट्यातला टॅग आणि एखाद्या मुलीच्या बॅगेत गुपचूप सरकवलेला टॅग त्याला सारखेच. असे प्रकार खरोखर घडले आहेत. म्हणून मे २०२४ मध्ये ॲपल आणि गुगलने मिळून, अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर इशारा येईल अशी सोय केली. बरं झालं. पण तो इशारा जिचा पाठलाग होतोय तिला मिळतो. ज्यांच्या फोनांनी पाठलागाला हातभार लावला, ते निवांत घरी जाऊन जेवतात.

गुगलने स्वतःच्या नेटवर्कमध्ये आणखी एक काळजी घेतली. डिफॉल्ट सेटिंग असं की वर्दळीच्या जागी, अनेक फोनांनी तोच टॅग ऐकला तरच ठिकाण दाखवायचं. त्यामुळे एकट्या घरातल्या माणसाचा ठावठिकाणा सहज फुटत नाही. किंमत मोजतं मांजर, कारण घाबरलेलं मांजर वर्दळीत बसत नाही. ते बंद गाळ्यात, जिन्याखाली, गाड्यांच्या मागे दडतं. हवं तर आपल्या फोनने ‘सगळीकडे’ मदत करावी, असा पर्याय आपल्याला निवडता येतो.

मी तो निवडलेला नाही. यावरून एका मैत्रिणीने मला धारेवर धरलं. तिचा बोका हरवला होता. “तुझ्या मनीसाठी लोकांचे फोन चालतात, आणि माझ्या बोक्यासाठी तुझा नको?” याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. सेटिंग मात्र तेच आहे. मनीच्या पट्ट्याला टॅगशेजारी आता माझा नंबर लिहिलेली पट्टीही आहे. ती वाचणारा फोन करेल, नाहीतर करणार नाही. आधी चार प्रश्न विचारले तरी हरकत नाही.