एकतर्फी निकाल

विनय हा सद्गुण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण विनय आणि स्वतःची अवहेलना यांतील फरक क्वचितच कोणी समजावून सांगितला असेल. आपल्याला काय येत नाही, हे विनयी माणूस जाणतो. स्वतःला हिणवणारा माणूस मात्र आपल्याला काय येते, इकडे पाहायलाच तयार नसतो.

आपल्या सीमाभागात हा दोष पुष्कळदा भाषेच्या वाटेने मनात शिरतो. बेळगावकडचा मुलगा शिकायला पुण्याला जातो. त्याच्या बोलण्यातला हेल ऐकून वर्गमित्र हसतात. सुटीत घरी येऊन बाजारात कन्नड बोलतो, तर तिथेही कुणीतरी गालात हसते. मग तो मनाशी ठरवून टाकतो, 'मला एकही भाषा धड येत नाही. मी कमीच आहे.' पुढे वर्गात त्याचा हात वर होत नाही, मुलाखतीत जीभ अडखळते, आणि ते अडखळणेच त्याला आपल्या कमीपणाचा पुरावा वाटू लागते.

हा निकाल जरा तपासून पाहा. दोन वाक्यांना कोणी हसले, म्हणून सगळी भाषाच येत नाही हे कसे ठरले? आणि भाषा कच्ची असली, तरी माणूस कमी कसा ठरला? हाच मुलगा जमिनीचा कन्नड उतारा वाचून आजोबांना मराठीत समजावून सांगतो. ती साक्ष कोणी काढलीच नाही. खटला एकतर्फी चालला, आणि न्यायाधीशही तोच!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा हाच आहे. घटनेपेक्षा घटनेविषयीची आपली समजूत आपल्याला अधिक दुखवते, हा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा विचार त्यांनी आधाराला घेतला. कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, असे ते सांगत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हा शिक्षकांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावे.

दोन भाषांमध्ये वाढणे हे वैगुण्य नव्हे, याची साक्ष धारवाडच देईल. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले. त्यांना १९७३चे ज्ञानपीठ मिळाले. त्याच धारवाडात इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी मराठी कथेला 'काजळमाया' दिली. प्रत्येक मूल बेंद्रे होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. आरशासमोर उभे राहून 'मी श्रेष्ठ आहे' असे घोकणे हाही पुराव्याविना दिलेला निकालच. 'माझे कन्नड व्याकरण कच्चे आहे. सरावाने सुधारेल' हे वाक्य खरे आहे, आणि त्यात पुढची वाटही आहे.

पालकांनाही एक विनंती. पाहुण्यांसमोर 'आमचा हा असाच, याला काही जमत नाही' असे आपण सहज बोलून जातो. आपण विसरतो, मूल विसरत नाही. तेच वाक्य पुढे ते स्वतःच्या आवाजात ऐकू लागते.

शेजाऱ्याविषयी पुराव्यावाचून वाईट बोलणे आपण पाप मानतो. मग स्वतःविषयी तसे बोलण्याला विनय का म्हणावे? सत्य बोलावे, हा नियम माणूस एकटा असतानाही लागू असतो.