पेटी तिथंच ठेव

आमच्या गावात 'देवळात चाललोय' म्हटलं की समोरचा विचारतो, "कोणच्या?" मारुतीचं देऊळ वेशीवर आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचं ओढ्याच्या अंगाला. नगर जिल्ह्यात असं पुष्कळ गावांत आहे. 1831 साली अमेरिकन मिशनचे लोक नगरला आले आणि पुढे खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या, मंडळ्या झाल्या. विलायती चालीची गीतंही आली. पण आमच्या म्हाताऱ्यांची मान डोलायची ती टाळ-मृदंगावर. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, नंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग दिले. वारकऱ्याच्या पोरालाही आमच्या देवळाबाहेर उभं राहून ठेका धरावासा वाटे.

आमच्या देवळात पेटीवर माझे बापू आणि मृदंगावर तात्या. तात्या बापूंचे चुलतभाऊ. रविवारी दोघं मांडीला मांडी लावून बसत. बापूंनी सूर धरला की तात्यांचा हात त्या क्षणी पडे. बापू चाल वाढवणार हे तात्यांना त्यांच्या खांद्यावरून कळे. एवढं असून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. अकरा वर्षं. पाणी प्यायला तांब्या हवा असला तरी मधे मला घालत, "तात्यांना म्हणावं, तांब्या सरकवा."

भांडण बांधाचं. दुसरं कशाचं असणार!

लहानपणी मला वाटे, देवळात तरी हे एक होतात, मग झालं की! पंचही तसंच म्हणत. गाणं चाललंय, मंडळी टिकून आहे, उगाच जुनं उकरू नये. तात्यांनी दोन-तीनदा मोजणीची गोष्ट काढली तेव्हा एका पंचांनी त्यांना बाजूला घेतलं, "सणासुदीचं शांती राखावी." आमची आजी दारात बसून तूर निवडत होती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "राखायला ती आधी हाय कुठं?"

मला सगळं माहीत होतं. बैल मीच धरले होते. दर साली नांगरट आली की बापू बांधाच्या कडेनं एक तास जादा घेत, कधी दोन. बांध कोरायचा म्हणतात तो असा. ह्यात चोरी केल्यासारखं काही दिसत नाही. कोणी पाहिलं तर नांगर सरकला म्हणायचं. पण दहा-बारा वर्षांत बांधावरची बाभूळ आमच्या रानात आली होती, आणि बाभळीला पाय नसतात हे मला तेराव्या वर्षीही कळत होतं. बापूंना मी कधी काही बोललो नाही. संध्याकाळी ते पेटी काढत, भाता ओढत, आणि त्यांचा आवाज असा लागे की आई चुलीपुढं डोळे पुसायची. हा माणूस खोटं गातोय असं मला आजही म्हणवत नाही.

त्या साली नाताळच्या आधीच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी डोंगरावरच्या उपदेशातला तो भाग घेतला: वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि तिथं तुला भाऊ आठवला, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. उपदेश संपला. बापूंनी पेटीवर हात ठेवला. तात्यांनी मृदंग मांडीवरून उतरवला, भिंतीला टेकवला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा थेट बापूंकडं बघून म्हणाले, "पेटी तिथंच ठेव. आधी बांधावर चल."

देवळात कुणी खाकरलंसुद्धा नाही. मग कुजबुज सुरू झाली. तात्यांनी सणाचा विचका केला, देवळात भांडण आणलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. तात्या चपला घालून निघून गेले. बापूंनी मृदंगाशिवाय भजन रेटलं. मागं टाळ वाजत होते, पण जो तो आपल्या आपल्या लयीत.

त्या वचनात एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा दिसली. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं तिथं नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं आहे. म्हणजे उठून जायचं ते ज्यानं दुखावलंय त्यानं. उठायला हवं होतं बापूंनी, उठले तात्या. आणि त्याच उपदेशात धन्य म्हटलंय ते शांती करणाऱ्यांना. आमची मंडळी गप्प बसणाऱ्याला शांतिप्रिय म्हणत होती आणि जो माणूस शांती करायला निघाला त्याला भांडखोर.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली तेव्हा हे पुन्हा आठवलं. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि घर फाटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, आणि 1900 साली स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. त्यांनी नवऱ्याचा तापटपणा, स्वतःची फजिती, घरातले तंटे, काही झाकलं नाही; हसत हसत लिहून टाकलं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' ह्याच बाईनं पुढे नेलं. झाकपाक न करता एवढी माया राहू शकते, हे आमच्या देवळात मला कुणी सांगितलं नव्हतं.

बापू सहा महिने धुमसत होते. नाताळला पेटी उघडली नाही, घसा बसलाय म्हणाले. जूनमध्ये, पेरणीच्या आधी, एका सकाळी मला म्हणाले, "पहार घे." आम्ही बाभळीपाशी गेलो. तात्या त्यांच्या रानात काशा वेचत होते. बापूंनी हाक मारली, "ये. तूच दाखव कुठनं."

तात्या आले. पावलं टाकत मोजलं नाही, काही नाही. एका जागी उभे राहिले आणि टाचेनं माती उकरली. बापूंनी पहार मारली. दगड मी पुरला. गळाभेट वगैरे झाली नाही. तात्या एवढंच म्हणाले, "वाकडा बसलाय," आणि लाथेनं नीट केला.

अकरा वर्षांचं ते गाणं मग काय होतं? पुष्कळ दिवस मी त्याला ढोंग म्हणत आलो. आता तसं वाटत नाही. रविवारी शेजारी बसायचं ठरलेलं नसतं तर तात्या मृदंग खाली ठेवणार कुठं होते? कोर्टात गेले असते. पण पहारीचं काम पेटीनं झालं नसतं, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

तात्या देवळात आले ते तीन रविवारांनी. मृदंगाचा आवाज बद येत होता. बापू थांबले. तात्यांनी कणीक थापली, वाद्या ओढल्या, गठ्ठे ठोकले. मंडळी ताटकळत बसली होती. पाद्रीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "झालं का?" बापूंनी विचारलं, स्वतःच्या तोंडानं, मला मधे न घालता.

"थांब जरा," तात्या म्हणाले.