पाणी कुणाच्या अंगणात?



पावसाळा तोंडावर आला की पुराची आठवण निघते. काही भाविक म्हणतात, "देव आहे, तो बघून घेईल." उद्याची चिंता करू नका, अशी प्रभू येशूची शिकवण आहे. मग पुराची तयारी करणे हा अविश्वास ठरतो का?

आम्हांला तसे वाटत नाही. प्रभूने चिंता करू नका म्हटले, तजवीज करू नका असे म्हटलेले नाही. नोहाने तारू बांधले ते पाऊस सुरू होण्यापूर्वी. योसेफाने मिसर देशात धान्य साठवले ते सुकाळाच्या सात वर्षांत. संत थॉमस अक्वायनस यांनीही दूरदृष्टी हा सुज्ञतेचा भाग मानला आहे आणि सुज्ञता हा सद्गुण आहे.

पण खरा प्रश्न यापुढचा आहे. आपण तयारी करतो ती कुणासाठी?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच मुंबईत कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही पडला नाही. पाऊस कुठे कोसळेल हे आपल्या हाती नाही. पडलेले पाणी कुठे जाईल, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. जुलै २०१८ मध्ये आपल्या वसईत रेल्वे बंद पडली, मिठागर वस्तीतील माणसे पाण्यात अडकली. वाडवडिलांनी वाड्यांमध्ये बावखले राखली होती. पावसाचे पाणी तेथे साठे, मुरे आणि पुढे बागायतीला उपयोगी पडे. त्यांतली कितीतरी बावखले आज बुजली आहेत. आपण भराव टाकतो, जोते उंच करतो. आपले अंगण कोरडे राहते आणि पाणी शेजारच्या बैठ्या घरात शिरते.

"जमीन माझी, भराव माझा, त्यात चुकले काय?" असे कुणी विचारील. जमीन आपली असेल, पण पाण्याचा उतार सर्वांचा असतो. शेजाऱ्याला बुडवून मिळवलेल्या सुरक्षिततेला शेजारप्रीती कसे म्हणावे?

म्हणून यंदा प्रत्येक आळीने एकत्र बसावे. अंथरुणाला खिळलेले कोण, एकटी राहणारी म्हातारी माणसे कोणती, डायलिसिसवर कोण, याची यादी करावी. त्यांना कोण उचलणार आणि कुणाच्या माडीवर नेणार, हे आधीच ठरवावे. भाडेकरू आणि परप्रांतीय मजुरांची कुटुंबे यादीतून सुटू नयेत. नाला तुंबला असेल तर तो मोकळा करून घ्यावा. घराघरांत पिण्याचे पाणी, आठवड्याची औषधे, बॅटरी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रे तयार असावीत. पाणी घरात येण्याची चिन्हे दिसताच विजेचा मेन स्विच बंद करावा. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर अंगावर काढू नये; २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती.

आपली तयारी पुरेशी झाली की नाही, हे आपले घर पाहून कळणार नाही. त्यासाठी आळीतल्या सर्वांत सखल घरात डोकावून पाहावे लागेल. या आठवड्यातच आपण तेथे जाऊन येऊ या.

आपले धर्मगुरू