पहिल्या वर्षाचा बाप

मुलगा कॉलेजात गेला की त्याच्या पहिल्या वर्षाची चौकशी सगळे जग करते. बापाचेही ते पहिलेच वर्ष असते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलाला निदान अभ्यासक्रम छापून मिळतो. बापाला तोही नाही.

आमचे चिरंजीव अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगरला बी.एस्सी.साठी गेले, तेव्हा शेजारच्या निवृत्त गुरुजींनी मला बजावले, "त्याला आता तुमच्या आधाराची गरज आहे." आधार म्हटल्यावर मी आधी त्याच्या कार्डाच्या चार झेरॉक्स काढून आणल्या. "तो आधार नव्हे हो!" गुरुजी म्हणाले. मग कुठला, हे मात्र त्यांनाही नीटसे सांगता येईना.

तेव्हा सुचेल तो आधार मी देऊ लागलो. दासोपंतांची पासोडी आमच्याच गावची. सुमारे चाळीस फूट लांब कापडावर त्या सत्पुरुषाने वेदान्त लिहून ठेवला. मुलाला दिलेला माझा सूचनांचा कागद लांबीला जरा कमी पडला, एवढेच. पहाटे पाचला फोन करून मी त्याला उठवायचो. रात्री नऊला दिवसभराच्या अभ्यासाचा हिशेब घ्यायचो. सौभाग्यवती मेसच्या ताटाचा फोटो मागवून भाजीच्या रंगावर अभिप्राय द्यायची. २०२४-२५ पासून नव्या धोरणात पदवीला 'मेजर' आणि 'मायनर' असे विषय आले. आमच्या घरात मेजर मीच होतो.

"सगळं बरं चाललंय ना?"

"हो पप्पा, बरं चाललंय."

रोज हेच उत्तर. एका रात्री या 'बरं'ने माझी झोप उडवली. कारण ते 'बरं' माझ्या चांगल्या ओळखीचे होते.

१९९१ सालची गोष्ट. गाव तेव्हा औरंगाबाद होते आणि १९५८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे नाव नुसतेच 'मराठवाडा'. मीही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. निकाल लागला त्या दिवशी केज तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून अण्णा एस.टी.ने आले. हातात धपाट्यांचे फडके आणि ठेच्याचा डबा. म्हशीचा भाकड काळ आहे म्हणून तूप आणले नाही, असे आल्या आल्या सांगून टाकले.

कॉलेजच्या फळ्यावर पास झालेल्यांचे नंबर लावले होते. अण्णांना वाचता येत नव्हते.

"आपला नंबर कुठंय रं?"

आपला नंबर त्यात नव्हता. दोन विषय गेले होते. पण पाच तास लाल डब्यात उभे राहून आलेला माणूस समोर होता. मी बोट उचलले आणि मधल्याच एका नंबरावर ठेवले. अण्णांनी पायातले जोडे काढले, त्या परक्या पोराच्या नंबराला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

ते धपाटे काही केल्या घशाखाली उतरेनात.

ते विषय मी पुढे ऑक्टोबरला सोडवले. म्हशीचा भाकड काळ मात्र संपला नाही. ती माझ्या फीसाठी कधीच विकली गेली होती, हे मला धाकट्या भावाने पुष्कळ वर्षांनी सांगितले. म्हणजे त्या दिवशी फळ्यापाशी आम्ही दोघे एकमेकांशी खोटे बोललो होतो, आणि दोघेही मायेपोटी.

हे पुण्य की पाप? मुकुंदराजांची समाधी आमच्या गावात असल्यामुळे त्यांच्या 'विवेकसिंधू'तला एखादा थेंब माझ्याही वाट्याला यावा, अशी अपेक्षा आहे. तेवढ्या थेंबाच्या जिवावर सांगतो. आमच्या बीड जिल्ह्यातून दर साली हजारो आईबाप ऊस तोडायला बाहेर जातात. मागे आजीजवळ किंवा वसतिगृहात राहिलेल्या पोरांना तेही फडातून फोनवर सांगतात, "आमचं बरं हाय." पोरे म्हणतात, "आमचंबी." कुणी कुणाला जड होऊ नये, म्हणून हे चालते. त्यात वाईट कुणीच नाही. पण होते काय, की दोन्हीकडचे ओझे दोन्हीकडे तसेच राहते आणि दोघेही आपापल्या जागी एकटे.

मी मुलाकडून रोज अभ्यासाचा हिशेब मागत होतो, पण माझ्या खात्यातली नापासाची नोंद त्याला कधी दाखवली नव्हती. बाप कधी नापास झालाच नाही, असे वाटणारा पोरगा आपले नापास होणे सांगणार तरी कुणाला?

त्या रात्री साडेअकराला मी फोन लावला आणि फळ्याची सगळी हकीकत सांगितली. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. रेंज गेली असे वाटून मी "हॅलो, हॅलो" करू लागलो.

"पप्पा, माझं गणित राहिलंय," तो म्हणाला. "संक्रांतीपासून सांगायचं होतं."

"बरं," मी म्हणालो. या खेपेचे 'बरं' खरे होते. पुढे काय बोलावे ते सुचेना, म्हणून घरच्या अडचणी सांगितल्या. त्या त्याला आधीच ठाऊक होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटेचा फोन बंद केला. आठव्या दिवशी त्यानेच केला. गणिताची शिकवणी लावली आहे, हे सांगायला. पहाटे पाच वाजता.

मी गाढ झोपलो होतो.