हातचा

सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घरी आला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझी मान धरते. आज पहाटे तशीच धरली. उशीवरून डोकं उचलायला हाताचा आधार द्यावा लागला, आणि दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा दाराकडे बघायला अख्खं अंग वळवावं लागलं. नऊ वर्षं हे येणं-जाणं चालू आहे. आता भीती वाटत नाही, पण पहिल्या क्षणी मन खट्टू होतंच. एवढं सांभाळलं, तरी पुन्हा?

पहिल्यांदा दुखलं तेव्हा मात्र मी पार घाबरले होते. कळ मानेतून खांद्यात, तिथून दंडावरून थेट अंगठ्यापर्यंत उतरायची. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या. फळ्यावर लिहायला हात वर केला की डोळ्यांत पाणी यायचं. एमआरआय झाला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली जातेय, असं कागदावर आलं आणि पहिल्याच भेटीत ऑपरेशनचा शब्द कानावर पडला. त्या रात्री मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत बसले होते, तोही मान खाली घालून.

मोठ्या जाऊबाईंनी आग्रह केला म्हणून दुसरं मत घेतलं. ते डॉक्टरही मणक्यांचे सर्जनच. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि आधी माझे हात तपासले. बोटांची पकड पाहिली, कोपरावर छोटी हातोडी मारून पाहिली, खोलीतल्या खोलीत चालायला लावलं. ताकद शाबूत आहे, म्हणाले, सहा आठवडे थांबू. नस दाबली गेल्याचं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ऑपरेशनवाचून ओसरतं. बाहेर आलेला चकतीचा भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेऊ शकतं. माझं तिसऱ्या महिन्यात ओसरलं.

पुढे एक माहिती वाचनात आली, ती त्या रात्री माहीत असती तर मला झोप लागली असती. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १२११ माणसांचे एमआरआय काढले होते. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. शंभरात सत्त्याऐंशीहून अधिक जणांच्या मानेत चकती फुगलेली निघाली, विशीतल्याही बहुतेकांच्या. म्हणजे कागदावर दिसतं ते सगळंच दुखत नसतं. केसांना चांदी चढते तशा चकत्याही वयाबरोबर सुकतात. फिल्मवरून माणसाच्या दुखण्याचा निकाल लावता येत नाही, त्याला हात लावून बघावं लागतं.

मी गणित शिकवते, त्यामुळे मला मानेचं कोडं तरफेतून उलगडलं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, म्हणजे दळणाची एक पिशवी. ती सात मणक्यांवर नीट तोललेली असते तोवर स्नायूंना फारसं काम नसतं. मान पुढे झुकली की पिशवी टेकूपासून लांब जाते आणि मागच्या स्नायूंना ती ओढून धरावी लागते. अमेरिकेतले मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर हा हिशेब मांडला. १५ अंश झुकलं तर मानेवर साधारण १२ किलोचा भार, ६० अंशांवर २७ किलोचा. पेपर तपासताना आणि फोन बघताना आपण त्या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी असतो.

तरी निव्वळ वाकण्याने मान दुखते असंही नाही. शेतात निंदणी करणाऱ्या बाया वाकतात, आपण भाजी निवडतो, रांगोळी काढतो. मान वाकण्यासाठीच केलेली आहे. मी वहीच्या मागच्या पानावर दुखण्याच्या तारखा लिहायला लागले तेव्हा वेगळंच ध्यानात आलं. जवळजवळ दर वेळी दुखण्याच्या आदल्या दिवशी मी दोन-अडीच तास एकाच जागी, एकाच कोनात बसलेली होते, आणि बहुतेक वेळा त्या आठवड्यात झोप अपुरी होती. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा तर गठ्ठाही नव्हता, नुसती जागरणं आणि काळजी, तरी मान धरली होती.

पाचवीतल्या मुलांना मी रोज सांगते, हातचा वर लिहा, मनात ठेवू नका, विसराल. मानेचंही तसंच असावं. एका तासाचा ताण पुढच्या तासात हातचा म्हणून जातो. आपण तो कुठे लिहीत नाही. उत्तर एकदम पहाटे उशीवर कळतं.

म्हणून आता पाच पेपर झाले की उठायचं. त्याहून मोठा उपाय मला माहीत नाही. खिडकीशी जायचं, खांदे मागे ओढून पाठीची पाती जवळ आणायची, हनुवटी न झुकवता सरळ मागे न्यायची, पाच मोजेपर्यंत धरायची, सोडायची. तळवा कपाळाला लावून डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला रेटायचं, मान जराही न हलवता. मग तसंच दोन्ही बाजूंनी, मागून. हे मला माझ्याच एका विद्यार्थिनीने शिकवलं. ती आता फिजिओथेरपिस्ट आहे. मी तिला म्हटलं, दुखायला लागलं की करीन गं. ती म्हणाली, “बाई, परीक्षेच्या आदल्या रात्री पाढे पाठ करायचे नसतात, असं तुम्हीच सांगायचात.” फिनलंडमध्ये मानदुखी असलेल्या, कचेरीत काम करणाऱ्या १८० स्त्रियांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मान आणि खांद्यांचे स्नायू बळकट करणारा व्यायाम ज्यांनी केला, त्यांचं दुखणं नुसते ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक कमी झालं. ती मुलगी मला वेगळं काय सांगत होती!

पहिल्या वेळी मी महिनाभर पट्टा बांधून हिंडले होते. तो दोन-चार दिवसांपलीकडे लांबवायला नको होता, स्नायू आळसावतात. आज पट्टा कपाटात आहे. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेतला, दुखेल-न दुखेल अशा बेताने मान हळूहळू फिरवली, आणि दुपारी रोजच्यासारखी चालून आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, अमक्याकडे जा, तो एका झटक्यात मान मोकळी करतो. त्यांची माया कळते, पण तिथे मी कधीच जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात. झटक्याने त्या फाटू शकतात.

आणि ऑपरेशनवर माझा राग नाही. हातातून वस्तू निसटायला लागल्या, ब्लाउजचे हूक लावता येईनात, चालताना तोल जायला लागला, लघवीवरचा ताबा सुटतोय असं वाटलं, तर एक दिवसही घरी काढायचा नाही. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखली, दुखण्याबरोबर ताप आला, वजन उतरत गेलं, तरीही नाही. हे सगळं मी वहीच्या त्याच पानावर, तारखांच्या वर, लाल शाईने लिहून ठेवलं आहे. घरातल्यांना ते पान ठाऊक आहे.

पहाटे ‘पुन्हा?’ असं मनात आलं, तेव्हा ते पान उघडलं. पहिल्या वर्षी सहा नोंदी आहेत, त्यातली एक अकरा आठवड्यांची. या वर्षी ही दुसरी, आणि मागची चार दिवसांत निघून गेली होती. तेव्हा दुखणं आलं ते खरं, पण माझं शरीर पुन्हा पहिल्या पायरीवर गेलेलं नाही.

संध्याकाळी उरलेले पेपर घेतले. लिहायचा पाट मांडीवरून टेबलावर आणलाय, खाली दोन जाड शब्दकोश, म्हणजे पेपर डोळ्यांपर्यंत वर येतो. चौथ्या पेपरात एका मुलाचा गुणाकार चुकला आहे. रीत सगळी बरोबर, हातचा तेवढा राहिलाय. गेल्या चाचणीतही राहिला होता. लाल पेनाने दशकाच्या डोक्यावर बारीक दोन लिहिला, रीतीचे गुण दिले, पाचवा पेपर संपवला आणि खिडकीशी गेले.