अंधारासाठी काढलेली चित्रे

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस पाहून येणारे आता आपल्याकडे पुष्कळ झाले. त्या मानाने रोमच्या उत्तरेचा मुलूख पायी हिंडून आलेले थोडे. टायबर आणि आर्नो या दोन नद्यांच्या मधला, पश्चिमेला समुद्र असलेला हा प्रदेश एके काळी एट्रस्कन लोकांचा होता. ते स्वतःला रासेना म्हणवीत. ग्रीक त्यांना तिरेनी म्हणत आणि रोमन तुस्की. समुद्राला तिरेनियन हे नाव राहिले, प्रांताला तोस्काना हे राहिले. लोक मात्र गेले. इ. स. पूर्व ३९६ मध्ये त्यांचे वेई शहर रोमनांच्या हाती पडले, २६४ मध्ये व्होल्सिनी पडले, आणि पुढे हळूहळू त्यांची भाषाही मावळली. सम्राट क्लॉडियसने त्यांचा वीस खंडांचा इतिहास लिहिला होता, तोही हरवला.

या लोकांनी घरे आणि देवळे लाकडाची व कच्च्या विटांची बांधली आणि थडगी तेवढी खडकात कोरली. त्यामुळे अडीच हजार वर्षांनंतर जे उभे आहे ते बहुतेक मेलेल्यांचे गाव. तिथला दगड ज्वालामुखीच्या राखेचा, टफ नावाचा; कापायला मऊ आणि वारा लागला की घट्ट होणारा. ओढ्यांनी त्यात खोल घळी पाडल्या आहेत. ब्लेरा, नॉर्किया, सान जुलियानो ही ठिकाणे अशा घळींच्या काठची. मोटार अर्ध्या वाटेवर थांबते. पुढे ओढा ओलांडायचा, काटेरी झुडपे हाताने बाजूला सारायची, मेंढ्यांनी पाडलेली पायवाट शोधायची. आणि मग एकाएकी समोरच्या कड्यात कोरलेल्या घरांच्या दर्शनी भिंती दिसू लागतात. वाचकांना वाटेल की थडग्यांमागून थडगी पाहत चालण्यात कसला आला आहे आनंद? पण मुलूख उदास मुळीच नाही. जॉर्ज डेनिस नावाच्या इंग्रजाने गेल्याच्या आधीच्या शतकात तो पायाखाली घातला आणि १८४८ साली त्याचे वर्णन मोठ्या ग्रंथात केले. १९२७ च्या एप्रिलात डी. एच. लॉरेन्स येथे हिंडला, तेव्हा त्याच्या सोबतीला अर्ल ब्रूस्टर नावाचा अमेरिकन चित्रकार होता. बुद्धाचे चरित्र लिहिणारा हा गृहस्थ पुढे १९३५ साली हिमालयाच्या कुशीत अल्मोड्याला येऊन राहिला. थडग्यांतून अल्मोड्याकडे जाण्याची ही वाट मला फार आवडते. पण तो विषय वेगळा.

तार्क्विनिया गावाबाहेर मोंतेरोत्सी नावाचे पठार आहे. वर शेते, दूरवर समुद्र, आणि पायाखाली सुमारे ६००० थडगी. त्यांतली सुमारे २०० रंगवलेली. पायऱ्यांनी खाली उतरावे, काचेचे दार असते, बटण दाबावे. आतला दिवा थोडा वेळ लागतो. एका खोलीत इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या शेवटचा समुद्र आहे. एक मुलगा खडकावरून सूर मारतो आहे, दुसरा गोफणीने पाखरांवर नेम धरतो आहे, आणि पाखरे लाल-निळी होऊन आभाळभर उधळली आहेत. चित्त्यांचे थडगे म्हणून दुसरे आहे. तिथे स्त्रीपुरुष शेजारी शेजारी कलंडून जेवताहेत, बासरीवाला चालला आहे, आणि एकाने हातात अंडे धरले आहे. जसे काही हेच तुम्हाला दाखवायचे होते. तेवढ्यात दिवा विझतो. पुन्हा बटण दाबायचे.

आमच्या चमूत वाईकडच्या एक काकू होत्या. मुलाकडे आल्या होत्या आणि गुडघे दुखत असूनही सगळ्यांबरोबर चालत होत्या. तिसऱ्या थडग्याशी त्या वरच थांबल्या. मी म्हटले, "काकू, येताय ना? हे फार सुंदर आहे म्हणतात."

"सुंदर असणारच हो," त्या म्हणाल्या. "पण मला सांगा, ही चित्रं त्यांनी आपल्यासाठी काढली का? आत ठेवला माणूस आणि दार लावलं. कुणी बघायचं नाही म्हणूनच लावलं ना?"

मी काही तरी उत्तर दिले. कलेचे, ज्ञानाचे, संस्कृतीचे. ते त्यांना पटले असे नाही. पण प्रश्न मात्र माझ्या पायांबरोबर पुढचे चार दिवस चालत राहिला. जे जाणूनबुजून डोळ्यांआड केले ते पाहण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? पाहिल्याने कुणाचे काय जाते, हे उत्तर तर येथे चालतच नाही. कारण पाहिल्याने जाते. १८२३ साली याच गावात कार्लो अव्होल्ता याने एका थडग्याला भोक पाडून आत डोकावले. दगडी मंचकावर चिलखत घातलेला एक योद्धा निजलेला त्याला दिसला. वारा आत शिरला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो योद्धा हळूहळू ढासळून धूळ झाला. चित्रांचेही तेच, फक्त अधिक सावकाश. माणसाचा श्वास, अंगाची ऊब, ओल यांनी रंग सुटतो, बुरशी धरते. काही चित्रे तर १९४९ मध्ये व नंतर भिंतीवरून सोडवून संग्रहालयात नेऊन लावावी लागली. काचेची दारे ही शोभा नव्हे. ती आपल्या श्वासापासून केलेली राखण आहे.

प्रेमाने केलेली गोष्टही उलटते, याचा दाखला आपल्या घरचा आहे. अजिंठ्याची चित्रे वाचविण्यासाठी निजामाच्या सरकारने लोरेन्त्सो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघा इटालियन जाणकारांना बोलावले. १९२० ते १९२२ च्या सुमारास त्यांनी सुटत चाललेले गिलावे भिंतीला बसविले, आणि वरून लाखेच्या रोगणाचा हात दिला. गिलावा वाचला, रोगण पुढे पिवळे पडले, आणि ते काढण्याचे काम पुढच्या पिढ्यांच्या माथी आले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण अजिंठ्याची लेणी निदान लोकांनी यावे, बसावे, पाहावे म्हणून कोरली होती. तार्क्विनियाच्या खोल्यांना तेवढाही आधार नाही.

आता चोरांकडे पाहू. इटलीत थडगी फोडणाऱ्याला तोंबारोलो म्हणतात. लोखंडाची लांब सळई जमिनीत खुपसून पोकळी कोठे आहे हे तो हाताने ओळखतो, रात्री उतरतो, भांडी काढतो, बाकीचे तुडवून जातो. १९७१ साली चेर्वेतेरीजवळच्या एका थडग्यातून असेच एक ग्रीक मद्यपात्र निघाले. एउफ्रोनिओस या चित्रकाराची त्यावर सही, आणि मेलेल्या सार्पेदोन वीराला निद्रा आणि मृत्यू हे दोघे उचलून नेत आहेत असे चित्र. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते सुमारे दहा लाख डॉलरला घेतले; २००८ मध्ये ते इटलीला परत आले आणि आता चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे. न्याय झाला, असे आपण म्हणतो. मात्र मला तेथे उभा असताना काकूंचा आवाज ऐकू येत होता. पात्र चोराकडून संग्रहालयाकडे आले, संग्रहालयाकडून देशाकडे आले. ज्याच्या उशाशी ते ठेवले होते त्याचे नाव या देवघेवीत कोणी घेतले नाही. शिवाय पात्र कोणत्या खोलीत, कशाच्या शेजारी होते हे चोराने पुसून टाकले ते टाकलेच. ते परत येत नाही.

म्हणून आत जाऊच नये काय? मलाही एकदा तसे वाटले. पण मग आठवते ते थेओपोम्पोस या ग्रीक ग्रंथकाराचे लिहिणे. एट्रस्कन बायका परपुरुषांच्या पंगतीला बसतात, पितात, लाज सोडून वागतात, असे त्याने लिहून ठेवले. ज्यांचे स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत त्यांच्याविषयी शेजाऱ्याने लिहिलेले तेवढे उरले. थडगी बंद राहिली असती तर या बायकांची बाजू कोणी मांडली असती? रोमच्या व्हिला जुलियामध्ये चेर्वेतेरीहून आणलेले मातीचे एक दांपत्य आहे. नवरा-बायको एकाच मंचकावर टेकून बसली आहेत, त्याचा हात तिच्या खांद्यावर आहे, आणि दोघांच्या चेहऱ्यावर असे हसू आहे की पाहणाऱ्याला आपण मध्येच घरात शिरलो असे वाटावे. आपण शिरलोच आहोत. पण शिरलो म्हणून ती बाई निर्लज्ज नव्हती, घरची मालकीण होती, हे कळले. अतिक्रमण केल्यावाचून त्यांना न्याय मिळाला नसता, ही अडचणीची गोष्ट मला नाकारता येत नाही.

या अडचणीत मला थोडी वाट दिसली ती त्या लोकांच्याच दारांवर. ओर्व्हिएतोच्या कड्याखाली सहाव्या शतकातली स्मशानवाडी आहे. सरळ गल्ल्या, ओळीने दगडी खोल्या. प्रत्येक दाराच्या वरच्या तुळईवर घरधन्याचे नाव कोरलेले, आणि तेही दारानेच बोलल्यासारखे: मी अमक्याचे. त्यांची लिपी ग्रीकांवरून घेतलेली, म्हणून वाचता येते. भाषेतले शब्द मात्र थोडेच कळतात. काकूंनी तेथे बोट फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "ही पाटी आहे. पाटी कशाला लावतात? येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावी म्हणून."

नॉर्कियाला हेच अधिक स्पष्ट दिसते. कड्यावर कोरलेली भव्य दर्शनी भिंत, तिच्या मधोमध मोठे दार. आणि ते दार खोटे. दगडातच उठवलेले, उघडायचे नसलेले. प्रेत असे ते खाली, जमिनीच्या पोटात, वेगळ्या वाटेने उतरून. वर माथ्यावर जायला पायऱ्या आहेत. वर्षश्राद्धासारखी काही कर्मे तेथे होत असावीत. म्हणजे वाटसरूसाठी काय आणि मृतासाठी काय, याची रेघ त्यांनी स्वतःच ओढली होती. रस्त्याने येणाऱ्याने दार पाहावे, नाव वाचावे, वर जाऊन फुले वाहावी. खालचे त्याचे नव्हे. पायी हिंडणारा माणूस हा त्यांना अपेक्षित असलेला पाहुणा होता असे मला वाटते, आणि आपण त्याच जागी उभे राहून पाहतो तेव्हा कोणाचे काही हिरावत नाही.

खालचे पाहावयाचे तर ते जाणण्यापुरते, आणि शक्य तितके थोडे. १९५०च्या दशकात कार्लो लेरिची या इंजिनिअराने एक तोडगा काढला. जमिनीला बारीक भोक पाडायचे, आत नळी सोडायची, नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. खोली रिकामी असेल तर माती पुन्हा लोटायची. १९५८ मध्ये धावणारे, उड्या मारणारे, रथ हाकणारे गडी भिंतींवर असलेले एक थडगे त्याला असेच सापडले. रोमला ऑलिंपिक दोन वर्षांवर आले होते, म्हणून त्याचे नाव ऑलिंपिकचे थडगे पडले. पण चित्रे सापडली म्हटल्यावर हात राहिला नाही. थडगे उघडले, आणि चित्रे पुढे संग्रहालयात गेली. भोकातून पाहून माती लोटून देण्याइतका संयम माणसाला रिकाम्या खोलीपुरताच साधतो काय, कोण जाणे.

उघडायचे नाही म्हटले तरी मोंतेरोत्सीच्या शेतांखालची थडगी आपोआप सुखरूप राहतील असेही नाही. नांगराचे फाळ जितके खोल जातात तितकी छते फुटतात, आणि सळईवाला तर टपलेलाच. नुसते न पाहण्याने पुण्य पदरी पडत नाही. राखण करावी लागते, आणि राखणीला पैसा लागतो, आणि पैसा येतो तो बटण दाबणाऱ्या आम्हां प्रवाशांच्या तिकिटांतून. माझे मत विचाराल तर, ज्यांचे काम जाणण्याचे आहे त्यांनी आत जावे, आपण काचेबाहेर राहावे, आणि पुष्कळ खोल्या कोणीच उघडू नयेत. चेर्वेतेरीच्या एका थडग्यात भिंतींवर आणि खांबांवर गिलाव्याची सारी घरवस्तू उठवली आहे: सुऱ्या, कुऱ्हाड, दोरखंड, भांडी, एक कुत्रा, एक हंस आणि उशाजवळ पायताणांची जोडी. ते काचेतून पाहिले तेव्हा काकूसुद्धा पुढे आल्या होत्या. पायताणे पाहून त्या हसल्या, आणि मग मागच्यांना वाट देऊन लगेच बाजूला झाल्या.

शेवटचे दोन दिवस आम्ही पितिल्यानो आणि सोव्हाना यांच्या मधल्या खोदीव वाटांनी चाललो. टफच्या कड्यात कापलेल्या या अरुंद वाटा. काही ठिकाणी दोन्ही अंगांच्या भिंती वीस मीटरांहून उंच, वर झाडांची गुंफण, खाली ओल आणि नेचे. त्या कशासाठी खोदल्या याविषयी पंडितांत एकमत नाही. पण त्या चालण्यासाठी आहेत एवढे पायांना कळते, आणि तेथे काकू सर्वांच्या पुढे होत्या. पितिल्यानोचे लोक दर १९ मार्चला वेताच्या मशाली खांद्यावर घेऊन अशाच एका वाटेने गावात येतात आणि चौकात हिवाळ्याचे बुजगावणे जाळतात. आम्ही गेलो तेव्हा मार्च संपला होता. भिंतीला हात लावला तर बोटांना काजळी लागली.