आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक १६

अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

मित्राची जुनी, कार्ब्युरेटरवाली जिप्सी आचके देत होती, काळा धूर सोडत होती. मेकॅनिकने स्पार्क प्लग काढून पाहिला, तर काजळीने काळा. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथे चोकची झडपच बंद अडकलेली. गार इंजिनाला ती थोडा वेळ बंद लागते, तापल्यावर मात्र उघडावीच लागते.

आपणही प्रवचनं, पॉडकास्ट, रील्स भरत राहतो. सुरुवातीला ते हवंच. पण ऐकलेलं पचायला निवांतपणाची हवा कुठे? मन जड, चिडचिडं झालं की आणखी एक व्हिडिओ नको. आज जप झाल्यावर १० मिनिटं नुसतं बसूया.

राम कृष्ण हरी.